देवाच्या दारात आरोपी

पोलिसांनी देवळात, मशिदीत, गुरुद्वारात, चर्चमध्ये शिरून कोणाला पकडावं की नाही, ह्यावर मागे एका साखरपुड्यात जेवताना आमच्यात चांगलाच वाद झाला. नात्यातले एक काका ठाम होते, देवाच्या पायाशी गेलेल्या माणसाला हात लावायचा नाही, शरण आलेल्याला मरण देऊ नये हे आपल्याकडे पूर्वापार चालत आलंय. समोर बसलेला माझा मावसभाऊ वकिली करतो, तो म्हणाला काका असा काही हक्क कायद्यात नाहीये, उलट फरार आरोपीला देवळात ठेवलात तर तुमचे ट्रस्टी आत जातील. मी तिथे काही बोलले नाही, पण विषय डोक्यातून जाईना, मग जमेल तसं वाचत गेले आणि आता जे वाटतंय ते इथे सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे गोंधळ नको. आरोपीला धर्मस्थळात आसरा मिळायचा हक्क संपवला हे योग्यच झालं. पण त्या आसऱ्याने कित्येक शतकं एक काम केलं होतं, चिडलेल्या लोकांच्या हातून माणूस वाचवायचं, आणि त्या कामाची गरज काही संपलेली नाही. ते आता पोलिसांच्या आणि कोर्टाच्या अंगावर आलंय. हे दुसरं वाक्य आपण विसरतो, आणि म्हणूनच मला हे लिहावंसं वाटलं.

हा हक्क रीतसर कायद्यात होता आणि रीतसर कायद्याने संपवला, असं सगळ्यात स्पष्ट उदाहरण इंग्लंडचं आहे. मुलगी तिकडे नोकरीला आहे, तिच्याकडे गेले होते तेव्हा आम्ही डरहॅमला गेलो होतो. उत्तरेकडचं छोटं शहर, नदीच्या वळणावर उंच टेकाड आणि त्यावर ते अवाढव्य कॅथेड्रल. त्याच्या उत्तरेकडच्या दारावर एक कडी आहे ब्राँझची, सिंहासारखा चेहरा, भोवती आयाळ, डोळ्यांच्या जागी नुसती खोल भोकं आणि तोंडात मोठं कडं. दारावर आता आहे ती नक्कल, मूळची बाराव्या शतकातली कडी आत जपून ठेवलीय. त्या काळी कोणाच्या हातून खून झाला, किंवा खुनाचा आळ आला, की तो माणूस रात्रीबेरात्री धावत येऊन हे कडं दारावर आपटायचा. दाराच्या वरच्या अंगाला खोल्या होत्या, तिथे माणसं खास ह्याच कामासाठी झोपायची, ती खाली येऊन दार उघडायची, मग घंटा वाजवायची म्हणजे सगळ्या गावाला कळायचं की कोणीतरी आसऱ्याला आलंय. आलेल्याला काळा झगा मिळायचा, डाव्या खांद्यावर पिवळा क्रॉस, सेंट कथबर्ट ह्या तिथल्या संताची खूण. सदतीस दिवस जेवणखाण आणि अंथरूण मठाच्या खर्चाने.

ह्याच्या नोंदीसुद्धा आहेत, 1464 ते 1524 अशा साठ वर्षांच्या. कोण आला, कुठल्या गावचा, कोणाला मारलं, कशाने मारलं, साक्षीला कोण उभे होते. बहुतेक नोंदी खुनाच्या. म्हणजे निरपराध बिचारेच तिथे जायचे असं अजिबात नाही, आणि मठालाही ते पक्कं माहीत होतं, त्याच्या तोंडूनच लिहून घेत होते.

डरहॅमसारख्या मोठ्या जागा मोजक्याच होत्या. पण साध्या गावच्या चर्चमध्येही चाळीस दिवस आसरा मिळायचा आणि तो प्रकार वाचताना मला खरंच अंगावर काटा आला. माणूस चर्चमध्ये शिरला की गावकऱ्यांनी बाहेर पहारा ठेवायचा, तो पळाला तर गावाला दंड. मग कॉरोनर यायचा, म्हणजे राजाचा अधिकारी. त्याच्यासमोर दोन रस्ते, एक तर बाहेर ये आणि खटल्याला उभा राहा, नाहीतर गुन्हा कबूल कर आणि देश सोडून जायची शपथ घे. शपथ घेतली की मालमत्ता जप्त. कॉरोनर एक बंदर ठरवून द्यायचा, पुष्कळदा डोव्हर, आणि हा माणूस अनवाणी, बोडका, अंगात साधा सदरा, हातात लाकडी क्रॉस घेऊन राजरस्त्याने चालत निघायचा. रस्ता सोडायचा नाही, सोडला आणि कोणी मारून टाकला तर विचारणारं कोणी नाही. बंदरावर पोचल्यावर जहाज मिळालं नाही तर रोज समुद्रात गुडघाभर पाण्यात जाऊन उभं राहायचं, मी जायला तयार आहे हे दाखवायला. परवानगीशिवाय परत आला तर फाशी.

बर्फासारख्या गार पाण्यात रोज उभा राहिलेला, परदेशी कोणाची ओळख नसलेला, घरदार गेलेला माणूस डोळ्यासमोर आणा. ही काही सूट नव्हती, शिक्षाच होती, फक्त जिवंत ठेवणारी.

आणि हे सगळं का होतं तर तेव्हा आपल्या अर्थाने पोलीस नव्हतेच. चोर किंवा खुनी दिसला की आरोळी द्यायची आणि अख्ख्या गावाने मागे धावायचं हीच पद्धत, न धावणाऱ्याला दंड. आता असं अख्खं गाव हत्यारं घेऊन मागे लागलेलं असताना पकडलेल्या माणसाचं काय व्हायचं हे सांगायला नको. त्यात घराण्यांची वैरं, एकाचा खून झाला की दुसऱ्याच्या घरातला एक मारायचा. अशा वेळी चर्चचा उंबरठा ही एकच जागा जिथे धावणाऱ्यांना थांबावं लागायचं. चाळीस दिवसात डोकी शांत व्हायची, नातेवाईक बोलणी करायचे, भरपाई ठरायची, कधी राजाकडून माफी आणता यायची. हेक्सम आणि बेव्हर्लीच्या चर्चमध्ये अजून दगडी खुर्च्या आहेत, आसऱ्याला आलेल्याच्या. चर्चभोवती बऱ्याच अंतरापासून खुणेचे दगड आणि क्रॉस लावलेले होते. एकेक हद्द ओलांडून आत येऊन त्याला पकडलं की दंड वाढत जायचा, आणि त्या खुर्चीतून ओढून काढलं तर त्याला दंडच नव्हता, म्हणजे कितीही पैसे भरले तरी ते पाप फिटणार नाही. मला ही कल्पना फार विलक्षण वाटते, कायदा इतक्या बारकाईने एका पळून आलेल्या माणसाभोवती रिंगणं आखतोय.

मग बिघडलं कुठे? बिघडलं ते लंडनमध्ये. वेस्टमिन्स्टर आणि सेंट मार्टिन ल ग्रांड ह्या जागांना राजाच्या सनदा होत्या, तिथे चाळीस दिवसांची मर्यादाच नव्हती, माणूस जन्मभर राहू शकायचा. त्यामुळे झालं काय की अख्खे मोहल्ले उभे राहिले, घरं, दुकानं, कर्जबुडवे, नकली दागिने करणारे, कुलपं तोडणारे. दिवसा आत बसायचं, रात्री बाहेर जाऊन चोरी करायची, पहाटे माल घेऊन परत आत. 1457 साली सेंट मार्टिनसाठी नियम करावे लागले की आत येणाऱ्याने हत्यार जमा करावं, चोरीचा माल परत द्यावा, रात्री फाटकं बंद ठेवावी. असे नियम लिहून काढावे लागतात ह्यातच सगळं आलं. ज्याच्या घरी चोरी झालीय त्या लंडनच्या व्यापाऱ्याने काय करायचं, आपल्याच मालाची समोरच्या गल्लीत विक्री होताना बघत बसायचं? त्याचा राग मला शंभर टक्के पटतो.

पण दुसऱ्या बाजूलाही बघा. 11 ऑगस्ट 1378. रॉबर्ट हॉली नावाच्या एका शिलेदाराने आणि त्याच्या साथीदाराने लढाईत एक स्पॅनिश सरदार पकडला होता, त्याचा मुलगा त्यांच्याकडे ओलीस होता आणि खंडणीवर त्यांचा हक्क होता. सरकारला तो मुलगा आपल्या ताब्यात हवा होता, ह्यांनी दिला नाही म्हणून ह्यांना टॉवरमध्ये, म्हणजे लंडनच्या किल्ल्यात, डांबलं. तिथून पळून ते वेस्टमिन्स्टर ॲबेत आले. सरकारची सशस्त्र माणसं मागोमाग आत घुसली आणि प्रार्थना चालू असताना हॉलीला तिथेच मारलं, त्याच्याबरोबर चर्चचा एक सेवकही गेला. ॲबे काही महिने बंद राहिलं, त्या वर्षीची पार्लमेंट लंडन सोडून ग्लॉस्टरला भरवावी लागली आणि तिथे जॉन विक्लिफ ह्या धर्मपंडिताने राजाच्या बाजूने युक्तिवाद केला की असा आसरा कायद्याच्या आड येऊ शकत नाही. तत्त्व म्हणून विक्लिफचं बरोबर होतं असं मला वाटतं. पण ज्या प्रकरणात ते मांडलं ते प्रकरण सरकारच्या दांडगाईचं होतं. पुढेसुद्धा असंच झालेलं दिसतं, तत्त्व बरोबर आणि ते वापरणारे हात मळलेले.

1483 चं तर सगळ्यांना थोडंफार ठाऊक असतं. राजा वारल्यावर राणी एलिझाबेथ वुडव्हिल धाकट्या मुलाला आणि मुलींना घेऊन वेस्टमिन्स्टरच्या आसऱ्याला गेली. मोठा मुलगा आधीच काका रिचर्डच्या ताब्यात होता. धाकट्यालाही सोपव म्हणून मोठमोठ्या लोकांनी तिची समजूत काढली, त्यात आर्चबिशपसुद्धा होता, चर्चला शिपायांचा वेढा होता, शेवटी तिने जूनमध्ये मुलगा दिला. दोन्ही मुलं टॉवरमध्ये गेली आणि नंतर कधी कोणाला दिसली नाहीत. काका राजा झाला. त्या आईच्या दृष्टीने तो उंबरठा म्हणजे काय होतं हे वेगळं सांगायला नको.

आता संपलं कसं ते. एका झटक्यात नाही संपलं. 1486 साली हम्फ्री स्टॅफर्ड नावाच्या बंडखोराला कल्हमच्या आसऱ्यातून ओढून काढलं आणि न्यायाधीशांनी ठरवलं की राजद्रोहाला आसरा लागू होत नाही. पुढे राजा आठव्या हेन्रीने तर एकामागून एक कायदे केले. आधी देश सोडून जाणाऱ्याच्या अंगठ्यावर तापल्या लोखंडाने खूण उमटवायची. मग देश सोडायचं बंदच, कारण असं की हे लोक चांगले तिरंदाज आणि खलाशी असतात, परदेशात जाऊन आपली विद्या शत्रूला शिकवतात, तेव्हा त्यांनी देशातच एका ठिकाणी जन्मभर राहायचं. मग कपड्यावर बिल्ला लावायचा, हत्यार नाही. आणि 1540 साली बहुतेक जागा बंद करून फक्त आठ गावं नेमून दिली, वेल्स, वेस्टमिन्स्टर, मँचेस्टर, नॉर्थॅम्प्टन, नॉर्विच, यॉर्क, डर्बी, लॉन्सेस्टन. प्रत्येक गावात जास्तीत जास्त वीस माणसं, रोज हजेरी, आणि खून, बलात्कार, दरोडा, घरफोडी, जाळपोळ करणाऱ्याला प्रवेशच नाही.

मँचेस्टरने लगेच तक्रार केली. तिथला धंदा कापडाचा, तागे रात्रभर उघड्यावर पसरून ठेवायचे, धुऊन पांढरे करायला, आणि आता गावात कायद्यानेच चोर आणून बसवलेत म्हटल्यावर कापड बाहेर ठेवणार कोण. पार्लमेंटने ऐकलं आणि मँचेस्टरच्या जागी चेस्टर नेमलं, तर चेस्टरनेही नको म्हटलं. कोणत्याच गावाला हे आपल्याकडे नको होतं. शेवटी 1624 मध्ये, पहिल्या जेम्सच्या काळात, कायदा झाला की इथून पुढे कुठल्याही प्रकरणात आसऱ्याचा हक्क मानला जाणार नाही. स्टॅफर्डच्या निकालापासून धरलं तर 138 वर्षं लागली.

इथपर्यंत वाचून मला बरं वाटलं होतं, की चला, एक वाईट प्रथा गेली. मग तेव्हाची कोर्टं कशी होती ते वाचलं आणि बरं वाटणं थांबलं. बारा पेन्सच्या वरची चोरी ही फाशीची शिक्षा असलेला गुन्हा होता. आणि गंभीर गुन्ह्याच्या आरोपीला स्वतःच्या बचावासाठी वकील पूर्ण अधिकाराने उभा करायची मुभा इंग्लंडमध्ये कधी मिळाली, तर 1836 साली! हेबियस कॉर्पसचा कायदा, म्हणजे पकडलेल्या माणसाला कोर्टापुढे आणा आणि कशासाठी पकडलं ते सांगा, तो 1679 चा. म्हणजे बघा, आसऱ्याचं दार 1624 ला बंद केलं, पकडलेल्याला जाब विचारता येईल असं दार नंतर पन्नासेक वर्षांनी उघडलं, आणि वकिलाचं दार दोनशे वर्षांनी. मधल्या काळात जी माणसं फासावर गेली त्यांना ना देव होता ना वकील. हेन्रीला चोऱ्यांचा त्रास होता हे खरं, पण त्याला आपल्या हुकुमापलीकडची एकही जागा देशात नको होती हेही तितकंच खरं, त्याच वर्षांत तो मठ मोडून त्यांच्या जमिनी घेत होता. त्यामुळे ह्या सुधारणेचं श्रेय मी त्याला मनापासून देऊ शकत नाही.

हे सगळं डोक्यात घेऊन मी आपल्याकडे वळले.

काका म्हणतात तसं शरणागताला अभय ही आपली जुनी समजूत आहेच. शिबी राजाचं कबुतर लहानपणी सगळ्यांनी ऐकलंय. आणि पंढरपूरला तर कान्होपात्रा आहे. मंगळवेढ्याची, कलावंतिणीची मुलगी, बिदरच्या बादशहाला ती हवी होती म्हणून ती वारकऱ्यांबरोबर पंढरपूरला आली, बादशहाची माणसं देवळापर्यंत पोचली, तिने एकदा दर्शन घेऊ द्या म्हटलं आणि विठ्ठलाच्या पायाशीच देह ठेवला, अशी कथा आहे. देवळात तिचं म्हणून तरटीचं झाड दाखवतात, आपण सगळे तिथे हात जोडतो. पण नीट बघितलं तर कथेत देऊळ तिला वाचवू शकलं नाही. शिपायांना अडवेल असा कुठलाच कायदा त्या देवळाच्या बाजूने नव्हता, तिला मरणातच सुटका मिळाली. आणि मुख्य म्हणजे तिने काही गुन्हा केला नव्हता, जुलूम तिच्यावर होत होता. शरणागताच्या आपल्या बहुतेक गोष्टी अशाच, दुबळा माणूस बलवानापासून पळतोय. फरार आरोपीला गाभाऱ्यात लपवायला त्या गोष्टींचा आधार घेणं मला पटत नाही.

स्वतंत्र भारतात असा आसऱ्याचा हक्क कायद्यात कधीच नव्हता. अटक करायला पोलीस कुठल्याही जागेत शिरू शकतात, फौजदारी प्रक्रिया संहितेत त्यासाठी कलम होतं आणि त्यात धर्मस्थळाचा अपवाद नव्हता. पण हक्क नसला तरी भीड होती. आणि त्या भिडेची किंमत काय पडते हे पंजाबने बघितलं. 25 एप्रिल 1983 ला पोलीस उपमहानिरीक्षक अवतारसिंग अटवाल अमृतसरच्या सुवर्णमंदिरात माथा टेकून, प्रसाद घेऊन बाहेर पडत होते, दारातच त्यांना गोळ्या घालून मारलं. मारेकरी आतच आहेत हे सगळ्यांना माहीत. पोलीस आत गेले नाहीत. एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याचा मृतदेह किती तरी वेळ तिथेच पडून होता, तो उचलायलासुद्धा आतल्या लोकांशी बोलणं करावं लागलं. त्यांच्या बायकामुलांनी हे कसं सोसलं असेल मला कल्पना करवत नाही. त्या दिवशी सरकारने कायद्याने आत जाऊन, थोड्या माणसांनिशी, ठरावीक माणसांना पकडलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं असं ठामपणे कोणीच म्हणू शकत नाही, पण न गेल्यामुळे आत हत्यारं साठत गेली, तटबंदी होत गेली, हे मात्र झालं.

मग जून 1984. ऑपरेशन ब्लू स्टार, सुवर्णमंदिरातल्या अतिरेक्यांना काढायला लष्कराची कारवाई. रणगाडे आत. गुरू अर्जनदेवांच्या शहीदीचा दिवस असल्यामुळे आत साधे भाविकही मोठ्या संख्येने होते. अकाल तख्ताची, म्हणजे शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठाची, इमारत उद्ध्वस्त झाली. सरकारच्याच श्वेतपत्रिकेत 83 जवान गेले असं आहे आणि बाकीच्या मृतांचा आकडा तर आजही वादात आहे. शीख समाजाच्या मनाला जी जखम झाली ती मला बाहेरची असूनही समजते, आपल्या पंढरपुरात, आपल्या माउलींच्या आळंदीत तोफगोळे पडले असते तर आपलं काय झालं असतं! ह्याची झळ पुण्यालाही लागली. ब्लू स्टारच्या वेळी लष्करप्रमुख असलेले जनरल अरुणकुमार वैद्य, मूळचे अलिबागकडचे, निवृत्तीनंतर पुण्यात राहायला आले आणि 10 ऑगस्ट 1986 ला भर दिवसा रस्त्यात, स्वतः गाडी चालवत असताना, त्यांना गोळ्या घातल्या. शेजारी पत्नी बसलेल्या होत्या.

मे 1988 मध्ये परत तीच वेळ आली, सुवर्णमंदिराच्या परिसरात परत अतिरेकी. 9 मेला पोलीस उपमहानिरीक्षक विर्क यांच्या जबड्यात गोळी लागली. पण ह्या वेळी पद्धत बदलली. ऑपरेशन ब्लॅक थंडर. आत रणगाडे नाहीत. चारी बाजूंनी वेढा, पाणी आणि वीज तोडलेली, एनएसजीचे, म्हणजे केंद्राच्या खास कमांडो दलाचे, नेमबाज बाहेरच्या उंच जागांवर, मे महिन्याचा उन्हाळा, आणि पत्रकारांना बघायला मुभा. नऊ दहा दिवसांत जवळजवळ दोनशे जण हात वर करून बाहेर आले. नंतर परिसरात छळ करून मारलेल्या माणसांचे पुरलेले मृतदेह सापडले, आत काय चालत होतं हे पंजाबच्या लोकांनीच बघितलं आणि अतिरेक्यांबद्दलची सहानुभूती तिथेच ओसरायला लागली. मला ब्लॅक थंडरमध्ये सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं तर घाई केली नाही. आसऱ्याच्या जुन्या पद्धतीत जी एक शहाणपणाची गोष्ट होती, वेळ जाऊ देणं, ती ह्या वेळी वेढा घालणाऱ्यांनी वापरली.

ह्याच्या पाठोपाठ लगेच वटहुकूम निघाला आणि मग कायदा झाला, धार्मिक संस्था (दुरुपयोग प्रतिबंध) अधिनियम, 1988. माझा मावसभाऊ म्हणत होता तो हाच. हा फक्त गुरुद्वारांना नाही, देऊळ, मशीद, चर्च, मठ, सगळ्यांना लागू आहे. धार्मिक संस्थेच्या जागेत कुठल्याही गुन्ह्यातल्या आरोपीला किंवा दोषीला लपवायचं नाही, हत्यारं साठवायची नाहीत, परवानगीशिवाय तटबंदी, बंकर, तळघर बांधायचं नाही, आणि हो, राजकीय कामासाठी जागा वापरायची नाही, हे निवडणुकीच्या दिवसात आठवून बघा. शिखांच्या कृपाणाला सूट आहे. मोडणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड, दोषी ठरलेला व्यवस्थापक पदावरून जातो आणि सहा वर्षं दुसरीकडेही नेमता येत नाही. शिवाय असं काही चालू आहे असं कळलं तर पोलिसांना सांगणं हे व्यवस्थापकावर बंधन आहे. एरवी आरोपीला लपवणं हा जुन्या दंड संहितेतही गुन्हा होताच, कलम 212, फक्त त्यात नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला लपवलं तर सूट होती. बायकोला सूट दिली पण पुजाऱ्याला दिली नाही, हे मला अगदी योग्य वाटतं, कारण बायकोचं प्रेम तिचं स्वतःचं असतं आणि देऊळ सगळ्या गावाचं.

हा कायदा असावा ह्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. बलात्काराचा आरोप असलेला कोणी बाबा आपल्याच आश्रमात भक्तांच्या गराड्यात बसतो आणि पोलीस बाहेर ताटकळतात, हे आपण टीव्हीवर एकदा नाही अनेकदा बघितलंय. आत जी तक्रार करणारी मुलगी आहे तिच्या बाजूने विचार करा. तिच्यासाठी देव नाही का?

आता दुसरी बाजू, जी बोलायचीच राहून जाते.

इंग्लंडने दार बंद केलं तेव्हा आरोपीच्या हातात काहीच नव्हतं. आपल्याकडे कागदावर तरी आहे. राज्यघटनेचं कलम 22, अटकेनंतर चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं, पसंतीचा वकील. 1996 मध्ये डी. के. बसू खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अटकेचा पंचनामा हवा, त्यावर साक्षीदाराची सही हवी, नातेवाइकांना कळवायला हवं, वैद्यकीय तपासणी हवी, पोलिसांच्या अंगावर नावाची पट्टी हवी. हे सगळं पाळलं गेलं तर डरहॅमच्या कडीची गरज नाही. चाळीस दिवस नकोत, चोवीस तास पुरेत. पण कोठडीत माणसं मरतात हे आपण बातम्यांत वाचतो, आणि गरीब माणूस, विशेषतः भटक्या विमुक्तांपैकी असला तर, चौकीला घाबरतो ते उगीच नाही. काकांच्या मनात जे आहे ते मला वाटतं हेच आहे, त्यांना देव पोलिसांपेक्षा जास्त विश्वासाचा वाटतो.

आणि जमाव. 1 जुलै 2018, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आलीय अशी मोबाईलवरून अफवा, आठवडी बाजाराचा दिवस, भिक्षा मागणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले, मंगळवेढ्याकडचे. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि तिथेच मारून मारून ठार केलं. 2020 च्या एप्रिलमध्ये पालघरच्या गडचिंचलेला दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर, ते तर पोलिसांच्या समोर गेले. ह्या आठही जणांनी काही केलेलं नव्हतं. पण समजा केलं असतं तरी? संशयित होते असंच धरा, तरी त्यांना एका दाराची गरज होती जे आतून लागेल आणि बाहेरचे लोक ते तोडायला कचरतील. ग्रामपंचायतीच्या दाराला लोक कचरले नाहीत. देवळाच्या दाराला कदाचित कचरले असते, आणि हे 'कदाचित' मला झोपू देत नाही.

बरं, 1988 चा कायदा ह्याच्या आड येतो का? मी मावसभावाला फोन करून हेच विचारलं. तो म्हणाला ताई, लपवणं वेगळं आणि वाचवणं वेगळं. मागे जमाव लागलेला माणूस देवळात आला, पुजाऱ्याने दार लावून घेतलं आणि त्याच मिनिटाला 112 ला फोन केला, तर त्याने कायदा मोडला असं कोणीही म्हणणार नाही, पोलिसांना कळवायचं बंधन त्याने पाळलेलंच आहे. पोलीस आले की दार उघडायचं, माणूस त्यांच्या ताब्यात द्यायचा, कोणत्या ठाण्याचे, नाव काय, किती वाजता नेलं ते लिहून ठेवायचं आणि त्या माणसाच्या घरी कळवायचं. लिहून ठेवायचं हे ऐकल्यावर मला डरहॅमची ती नोंदवही आठवली, कोण आला, कुठला, साक्षीला कोण.

आमच्या गावच्या देवस्थानाच्या ट्रस्टवर माझे चुलतभाऊ आहेत. दिवाळीनंतर मीटिंग असते, भक्तनिवासाच्या बांधकामाचे हिशेब वगैरे. मी त्यांना कळवलंय की ह्या वेळी दहा मिनिटं मला द्या. पुजारी, सेवेकरी, रात्रीचा वॉचमन ह्यांना एकदा पोलीस पाटलांसमोर बसवून हे समजावून सांगायचं, 1988 च्या कायद्याचा मराठी मजकूर ऑफिसात लावायचा, आणि दाराच्या आतला अडसर जो किती वर्षं मोडलेला आहे तो बदलून घ्यायचा. दादा म्हणाले अडसराचं लगेच करू, बाकीचं मीटिंगला बघू.